एका घरात तीन इयत्ता: घरशाळेचा अभ्यासक्रम आणि साहित्य निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही साताऱ्यात राहतो. घरात तीन मुलं: मोठी तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी सहाची. मोठीला पहिलीतून काढलं, बाकीचे दोघे शाळेत गेलेच नाहीत. गेल्या सात वर्षांत फोनवर, व्हॉट्सॅपवर आणि लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. एकाच मुलाला घरी शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंच चालेल, पण लिहिताना डोळ्यांसमोर दोन-तीन मुलांचं घर आहे.

१. मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणं कायद्यात बसतं का?

एका शब्दात उत्तर नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते केलं नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात नाही. घरशाळेची नोंदणी करून घेण्याची तरतूदही त्यात नाही. म्हणून कोणी "तुमची घरशाळा रजिस्टर करून देतो" म्हणत पैसे मागितले, तर हात जोडून निरोप द्या.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतात तेव्हा घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे आलेल्या गुरुजींनी चहा घेतला, वह्या चाळल्या आणि मधल्याला सतराचा पाढा विचारला. सतरा साते पाशी गाडी अडली. गुरुजी थांबले, बोटं मोडत पोरगं "एकशे एकोणीस" म्हणालं, तेव्हा फॉर्म भरून गेले. प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवा: तारखा घातलेल्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या वस्तूंचे फोटो. ही फाइल प्रश्न १२ मध्ये पुन्हा लागणार आहे.

२. तीन मुलं, तीन इयत्ता. मग तीन अभ्यासक्रम घ्यायचे का?

नाही. बहुतेक घरांची दमछाक इथेच होते. तीन मुलं गुणिले सहा विषय म्हणजे अठरा तास होतात आणि आई एक. डिसेंबरपर्यंत सगळे रडकुंडीला येतात.

यावरचा उपाय शोधायला लांब जायला नको. जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत दिवसभर बसून बघा. पहिलीची मुलं पाटीवर गिरवत असतात, तेवढ्यात बाई दुसरीला फळ्यावर हातच्याची वजाबाकी देतात. गोष्ट आणि गाणं मात्र सगळ्यांचं एकदम. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि आपल्याकडच्या शिक्षकांना ते पाठ आहे. घरानेही तेच करायचं. वाचन-लेखन आणि गणित ज्याचं त्याचं, परिसर, इतिहास, भूगोल, विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी आणि चित्रकला सगळ्यांची मिळून. विषय एक, त्यातून काय करायचं ते वयाप्रमाणे.

एक आठवडा आम्ही कृष्णा नदी घेतली. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो. धाकटीने ओल्या वाळूत दोन नद्या काढून एकमेकींत सोडल्या आणि खिसाभर गोटे घरी आणले. मधल्याने भिंतीवरच्या नकाशावर महाबळेश्वरपासून दोरा लावला. कराडला कोयना येऊन मिळते तिथे गाठ मारली आणि पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरापर्यंत नेला. दोरा मोजून प्रमाण लावल्यावर हजाराच्या थोडं पुढे आकडा आला, पुस्तकात मात्र सुमारे १४०० किलोमीटर. "पुस्तक खोटं आहे," असं ठरवून तो मोकळा झाला. नकाशा वळणं खाऊन टाकतो, हे त्याच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. मोठीने पाणीवाटप घेतलं. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्या तीन आकड्यांचा तिने वृत्तालेख काढला, टक्केवारी काढली आणि जेवताना बाबांशी भांडली की सत्तावीस टक्के कमी आहे.

नदी एकच, पण भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिघांचं आपापलं झालं.

३. निदान गणितात तरी जवळच्या वयाच्या दोघांना एकत्र बसवता येणार नाही का?

खेळताना बसवा, शिकवताना नको. भाषेतली फट गोष्ट ऐकता ऐकता भरते, गणितातली भरत नाही. हातच्याचं कळलं नसेल तर भागाकार कोसळतो, मग ताईबरोबर बसलेला असला तरी.

शंभर मण्यांची गणितमाळ मात्र जरूर घ्या किंवा ओवा. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. धाकटी त्यावर मोजते, मधला त्याच माळेवर सातच्या उड्या मारतो. मराठी आकड्यांची गंमत इथे दिसते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, आणि माळेवर मूल खरंच तिसापर्यंत जाऊन एक मणी मागे येतं. जी मुलं मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत शिकतात ती "एकवीस" ऐकून आधी एक लिहितात, मग दोन, आणि १२ होतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी जोड दिली म्हणून महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! चेष्टा बाजूला ठेवली तर अडचण खरी होती. आम्ही सहा महिने दोन्ही म्हणत होतो, नंतर "वीस एक" आपोआप गळून पडलं.

४. बालभारती घ्यावं की एनसीईआरटी?

मुलं दहावी कुठून करणार, यावर ते ठरतं (प्रश्न ११ आधी वाचा). सातवीपर्यंत मात्र इतका जीव काढायची गरज नाही. बालभारती ही राज्याची पाठ्यपुस्तकं काढणारी, १९६७ पासूनची पुण्याची संस्था. मराठी माध्यमाच्या घराला तिच्याइतका स्वस्त आणि हाताशी असलेला आधार दुसरा नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं. आपल्याच जिल्ह्याचे तालुके, नद्या, गड पुस्तकात सापडले की पोरं नकाशावर बोट ठेवून ओरडतात. एनसीईआरटी ही केंद्राची संस्था, तिचं गणित आणि विज्ञान पुढे स्पर्धा परीक्षांना जवळचं पडतं. आमच्याकडे भाषा आणि परिसर बालभारतीचे, मोठीचं गणित सहावीपासून एनसीईआरटीचं. एकाच विषयात एकाच मुलाला दोन्ही देऊ नका. क्रम वेगळा असल्याने काही धडे दोनदा येतात आणि काही अजिबात येत नाहीत.

पुस्तक उघडल्यावर आधी धडा वाचू नका. सुरुवातीच्या पानांवर "अध्ययन निष्पत्ती" असतात, म्हणजे वर्षअखेर मुलाला काय यायला हवं त्याची यादी. त्या पानाची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावा. खरा अभ्यासक्रम ते पान आहे. धडे हा तिथे पोचायचा एक रस्ता.

५. इतिहास एकत्र घेतला तर धाकट्याचं आधीचं बुडत नाही का?

बुडतं, आणि पुन्हा वर येतं. आम्ही चार वर्षांचं चक्र ठेवलं आहे: एक वर्ष प्राचीन भारत, एक शिवकाल, एक इंग्रजी राजवट आणि स्वातंत्र्यलढा, एक जग. चौथीच्या पुस्तकातला शिवकाल धाकटीने पाचव्या वर्षी ऐकला. पन्हाळ्याहून सुटकेचा प्रसंग तिला आठवतो, १६६० साल आठवत नाही. चक्र परत येईल तेव्हा ती नऊची असेल, तेव्हा साल येईल. भाषा-गणिताला हे चक्र लावायचं नाही, कारण वर दिलंच आहे.

६. एकदम वर्षभराचा तयार संच मिळतो. तो घ्यावा का?

मी घेतला होता. मोठी सात वर्षांची असताना एका परदेशी अभ्यासक्रमाचं भलंमोठं खोकं मागवलं. किंमत सांगितली तर सासूबाई अजून उसासा टाकतात. पहिल्याच आठवड्यात तिने पेनी, निकेल, डाइम ही अमेरिकेची नाणी मोजायची होती. ऋतू चार होते आणि त्यात पावसाळा नव्हता. बाहेर साताऱ्याचा जुलै धो धो कोसळत होता आणि पोरगी बर्फाच्या माणसाला गाजराचं नाक लावत होती. दिवाळीला खोकं माळ्यावर गेलं.

संच वाईटच असतात असं नाही. घरात आजारपण असेल, दोघांची नोकरी असेल किंवा नवं बाळ असेल तर रोज सकाळी "आज काय?" हे कोणी ठरवून दिलेलं बरं पडतं. पण घेण्याआधी बघा की तो लिहून संपणारा आहे की उरणारा. ज्यात मूल पुस्तकातच लिहितं तो पुढच्या भावंडासाठी पुन्हा विकत घ्यावा लागतो. तीन मुलांच्या घरात उरणारी वस्तू घ्यावी: मणी, ठोकळे, मोठा नकाशा, शब्दकोश, तराजू. सरावाची पुस्तकं हवीच असतील तर वहीत उतरवून सोडवू द्या. हातही वळतो.

७. मराठीत चांगलं आणि फुकट काय मिळतं?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांचंच "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. आमच्या मधल्याला वाचायचं वेड लागलं ते किशोरच्या जुन्या अंकांतल्या शिकारकथांनी, माझ्या शिकवण्याने नव्हे.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे. मराठीत ढीगभर गोष्टी, चार पातळ्यांत लावलेल्या, छापून घ्यायलाही मोकळ्या. तीन वयांच्या मुलांना हे फार सोयीचं: तिघांना हत्तीची गोष्ट, पण ज्याच्या त्याच्या पातळीची.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि शेकडो पुस्तकं आहेत, मराठीतलीही बरीच. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर एक अख्खी दुपार जाते. काड्यांचा चौकोन हलतो, कलंडतो. त्रिकोण हलत नाही. धाकटीने तो पायाने दाबून बघितला, मोठीने पुलांना त्रिकोण का असतात ते शोधलं.

वाईला तयार झालेला मराठी विश्वकोशही ऑनलाइन खुला आहे. भाषा जड, आठवीच्या पुढच्यांनाच द्या. आणि गावातलं नगरवाचनालय विसरू नका.

८. माध्यम मराठी ठेवावं की इंग्रजी? मोठा इंग्रजी शाळेतून काढला आहे, धाकटा अजून कोराच आहे.

एकत्र शिकायचं तर बोलण्याची भाषा एकच हवी, आणि ती घरात बोलता तीच. पुस्तकाची भाषा वेगळी असली तरी चालतं. मोठ्याची गाडी संज्ञांवर अडते. त्याला एलसीएम माहीत असतो, लसावि ऐकून तो बावचळतो. आम्ही एका वहीत दोन रकाने पाडले: लसावि–एलसीएम, काटकोन–राइट अँगल, कर्ण–हायपोटेनस, प्रकाशसंश्लेषण–फोटोसिंथेसिस. रोज दोन शब्द, आणि धाकट्याने मोठ्याची तोंडी परीक्षा घ्यायची. धाकट्यांना हे काम फार आवडतं.

कोऱ्या मुलाला वाचायला आधी मराठी शिकवा. देवनागरी जशी लिहिली तशी वाचायची, त्यामुळे वाचनाचा आत्मविश्वास लवकर येतो.

९. ताईने भावाला शिकवलं तर चालेल? तिचा वेळ जातो असं वाटतं.

दिवसाला वीस मिनिटं, ती सांगेल त्या विषयात. त्यावर गेलं की ताईची बाई होते आणि भाऊ ऐकेनासा होतो. तिच्यासाठी ही उजळणीच आहे. अपूर्णांक समजावताना मोठी स्वतःच मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, छेद समान का करायचा, हे मला पण माहीत नाही." मला ते दोन वर्षं कळलं नव्हतं, कारण उत्तरं बरोबर येत होती.

१०. धाकटा मोठ्याच्या पुढे गेला तर?

जाऊ द्या, पण पुस्तकं बदला. दोघे एकाच पुस्तकात असतील तर पान नंबरावरून घरात महाभारत होतं. एकाला बालभारती, दुसऱ्याला एनसीईआरटी दिलं की तुलनाच होत नाही. जुळ्यांनाही हाच उपाय. पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा कागद चिकटवून झाकला तरी निम्मं काम होतं.

११. दहावीचं काय?

मूल आठवीच्या वयात येण्याआधी हे ठरवा, कारण पुस्तकं तिथून मागे मोजत यायची आहेत.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून आहे. दहावीला किमान वय १४. पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान असे विषय घेता येतात. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास परीक्षा होते. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणून एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. बारावीही इथून करता येते. पाच विषयांसह एनआयओएसची बारावी जेईई मेनला ग्राह्य आहे. पण विज्ञानाकडे जायचा जरा जरी विचार असेल तर गणित सोडू नका. सोडणं सोपं, परत येणं अवघड.

राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर फॉर्म नंबर १७. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची अडचण होते ती इथे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथे पाचवी-आठवीच्या पातळीच्या परीक्षाही देता येतात. केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची परीक्षा) खाजगी उमेदवार म्हणून देता येते, पण फी विषयागणिक असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलापर्यंत येता येता खिसा फाटतो.

दहावीच्या वर्षी धाकट्यांचं काय, हेही बरेच विचारतात. त्या वर्षी धाकट्यांना फक्त वाचन, गणित आणि मोकळं खेळणं ठेवा. नदीबिदी पुढच्या वर्षी.

१२. मधेच शाळेत घालावंसं वाटलं तर?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ याचसाठी आहे. शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना हे माहीत असतंच असं नाही, कलमाचा कागद बरोबर न्या. आणि प्रश्न १ मधली फाइल. शब्दांपेक्षा वह्या लवकर पटतात.

शाळेतून काढताना दाखला हातात घ्या आणि लॅमिनेट करू नका. त्याच्यावर पुढे शिक्के-सह्या लागतात.

१३. एक मूल शाळेत, एक घरी. चालतं का?

चालतं, पण वेळापत्रक शाळेतल्याचं चालतं. डबा, रिक्षा, परीक्षा, सुट्टी. घरच्याला वाटतं, दादाला सगळं मिळतं. शाळेतल्याला वाटतं, हा दिवसभर लोळतो. आमच्या ओळखीच्या एका घरात शनिवार दोघांचा ठेवला आहे: दुपारी दोघांचं मिळून एक काम, बहुतेकदा स्वयंपाक. चकलीच्या भाजणीचं प्रमाण दुप्पट करताना अपूर्णांक दोघांनाही लागतात.

१४. स्कॉलरशिप, संगीत अशा परीक्षा घरी शिकणाऱ्याला देता येतात का?

शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म शाळेतून जातात, त्यामुळे ती बहुधा हुकते. जुन्या प्रश्नपत्रिका घरी सोडवायला मात्र उत्तम. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायन-वादनाच्या परीक्षांना शाळेशी काही देणंघेणं नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत वय-इयत्ता न बघता देता येतात, भावंडं एकाच केंद्रावर बसतात.

१५. मधल्याला वाचायला फार जड जातं, धाकटी त्याच्या पुढे गेली. साहित्य बदलू की थांबू?

आठ वर्षांनंतरही अक्षरं उलटी होत असतील, जोडाक्षरं पुन्हा पुन्हा निसटत असतील, तर नवं पुस्तक घेण्याआधी तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. त्यावर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तोवर एकत्र तासांना तो ऐकेल, बोलेल, करून दाखवेल. लिहायचं काम दुसऱ्याने घ्यावं. कृष्णेच्या आठवड्यात आमच्या दोऱ्यावाल्याने एक ओळही लिहिली नव्हती.

१६. आम्ही परदेशात आहोत. तिथून बालभारती शिकवता येईल?

आधी तिथला कायदा बघा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरशाळा चालत नाही. अमेरिकेत चालते, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तिथल्या नियमात बसणारं गणित-विज्ञान तिथलंच ठेवा आणि बालभारती मराठीसाठी वापरा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आठवड्याला भरतात, तिथे मुलांना मराठी बोलणारी दुसरी मुलं भेटतात. तिसरीचं पुस्तक मागवायचं तर आजी-आजोबांच्या जिल्ह्याचं मागवा. सुट्टीत गावी आल्यावर एसटीच्या खिडकीतून पाट्या वाचायला बरं पडतं.